रुग्णालयातून सुटी झाल्यानंतरचे बारा आठवडे

पत्र

माझा धाकटा भाऊ 26 वर्षांचा आहे, बुटीबोरीला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. मार्चमध्ये त्याची झोप तीन तासांवर आली. दिवसरात्र बोलायचा. लोन अ‍ॅपवरून कर्ज काढून त्याने दोन महागडे फोन आणि एक जुनी बुलेट घेतली. शेवटी भरती करावं लागलं, बायपोलर असल्याचं निदान झालं. 19 दिवसांनी, गेल्या गुरुवारी, सुटी झाली. लिथियम 400 सकाळ-रात्र, रिस्पेरिडोन आणि रात्री झोपेची एक गोळी चालू आहे. पुढची तारीख पंधरा दिवसांनंतरची आहे. आता तो एकदम शांत आहे. आई म्हणते, ‘सुटलो बाप्पा एकदाचे.’ पण तो कोणाशी बोलत नाही, मोबाईल पालथा ठेवतो, रात्री हॉलमध्ये फेऱ्या मारतो आणि म्हणतो, ‘पाय थांबतच नाहीत.’ काल म्हणाला, ‘माझ्यामुळे तुमचं खूप नुकसान झालं.’ कॉलेजात असताना त्याने एकदा जीव द्यायचा प्रयत्न केला होता, पण घरात तो विषय कोणी काढत नाही. बाबा त्याला हवापालट म्हणून महिनाभर काटोलला काकांच्या संत्र्याच्या बागेवर पाठवायचं म्हणतात. 17 मेला उमरेडला चुलतबहिणीचं लग्न आहे. मरणाचे विचार येतात का, असं त्याला विचारावं का? नसलेलं डोक्यात भरवल्यासारखं होईल, अशी भीती वाटते.

— एक बहीण, मानेवाडा

उत्तर

ताई,

विचारा. आज रात्रीच विचारा, आणि उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून ती पंधरा दिवसांची तारीख अलीकडे घ्या. तुमच्या पत्रात चार गोष्टी एकत्र आल्या आहेत: पूर्वीचा प्रयत्न, नुकतीच झालेली सुटी, ‘माझ्यामुळे नुकसान झालं’ हे बोलणं, आणि न थांबणारे पाय. यातली एकटी कोणतीही असती तरी आम्ही लक्ष ठेवा म्हटलं असतं. चारही आहेत, तेव्हा पंधरा दिवस फार लांब आहेत.

आईला हायसं वाटणं आम्हाला समजतं. पण मेनियाचा, म्हणजे मार्चमधल्या त्या झोप उडालेल्या उधाणाचा, जोर उतरला म्हणजे आजार संपला, असं नाही. बायपोलरमध्ये मेनियाच्या मागोमाग बऱ्याचदा नैराश्य येतं, आणि या आजारातल्या बहुतेक आत्महत्या त्या नैराश्यात किंवा मिश्र अवस्थेत होतात. मिश्र अवस्था म्हणजे मन बुडालेलं, पण अंगात मेनियाची तगमग शिल्लक. त्यात सुटीच्या दिवसापासून बाकीचंही बदललेलं असतं. वॉर्डात ठरल्या वेळी गोळी द्यायला सिस्टर होती, रात्री कोणीतरी जागं होतं. घरी आल्यावर ते आधार जातात आणि डोकं ताळ्यावर आलेल्या माणसाला आपण काय केलं ते पहिल्यांदा स्वच्छ दिसतं. कर्ज, बुलेट, कारखान्यातलं बोलणं, शेजारच्यांनी पाहिलेला तमाशा. तुमचा भाऊ मोबाईल पालथा ठेवतो तो बहुधा याचमुळे.

हा काळ किती नाजूक, याचा आकडा सांगतो, पण तो नीट वाचा. जगभरातल्या 100 अभ्यासांची बेरीज मांडणारा एक आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. मनोविकार रुग्णालयातून सुटी झाल्यावरच्या पहिल्या तीन महिन्यांत, सगळे मानसिक आजार मिळून, आत्महत्येचा दर वर्षाच्या हिशेबाने लाखामागे 1132 निघाला. भारतातल्या सर्व लोकांचा दर 2022 मध्ये लाखामागे 12.4 होता. फरक प्रचंड आहे. पण तीन महिन्यांचा हिशेब केला तर हजारातली तीनपेक्षाही कमी माणसं दगावतात, बाकीची हा काळ पार करतात. तुमचा भाऊही करू शकतो. इंग्लंडमध्ये सुटी झालेल्या रुग्णाला 72 तासांच्या आत गाठायचं मानक ठेवलं आहे, कारण पहिला आठवडा सगळ्यांत जड असतो. आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा घरच्यांवरच येतं.

आता विचारायचं कसं. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. यावर पुष्कळ अभ्यास झाले आहेत आणि धोका वाढल्याचं कुठे आढळलेलं नाही. उलट ज्याच्या मनात ते चाललेलं असतं, त्याला एकट्याने ओझं वाहावं लागत नाही. टीव्ही बंद, आई-बाबा दुसऱ्या खोलीत, तुम्ही त्याच्या शेजारी, समोरासमोर नको. ‘काल तू नुकसानीचं बोललास, तेव्हापासून मी विचार करतेय. तुला जगणं नकोसं वाटतं का?’ हो म्हणाला, तर पुढचा प्रश्न: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ त्यालाही हो म्हणाला, तर: ‘कसं, कधी, असं काही ठरवलंयस का?’ प्रत्येक प्रश्नानंतर थांबा, उत्तर यायला वेळ लागेल. ‘तू असं काही करणार नाहीस ना?’ असं विचारू नका. त्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं आणि तो मान हलवून मोकळा होतो. ‘आईची शपथ आहे तुला’ हेही नको. शपथेने विचार थांबत नाहीत, तो फक्त तुम्हाला सांगणं थांबवतो.

‘सकाळी जाग आली नसती तर बरं झालं असतं’ इथपर्यंतच असेल, तर उद्या डॉक्टरांना ते जसंच्या तसं सांगा. जीव देण्याचे विचार येतात, पण काही ठरवलेलं नाही, असं असेल तर उद्याच त्याला डॉक्टरांकडे न्या आणि तोवर एकटं सोडू नका. पद्धत, जागा किंवा दिवस ठरवलेला असेल, तर सकाळची वाट पाहू नका. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत रात्रीबेरात्री जाता येतं. ‘भाऊ आत्महत्या करायचं म्हणतोय, बायपोलर आहे, गुरुवारी सुटी झाली’ हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि डिस्चार्ज कार्ड पुढे करा. वाहन नसेल तर 108, हाताबाहेर जात असेल तर 112. 14416 हा टेलि-मानसचा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. त्यावर तुम्हीही बोलू शकता, तोही.

पोलिस केसच्या भीतीने पुष्कळ घरं दवाखान्यात जायला उशीर करतात, म्हणून हेही लिहून ठेवतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुन्या दंड संहितेतलं कलम 309 ठेवलेलंच नाही. रुग्णालय नोंद करेल, विचारपूस होऊ शकते, पण त्यापायी उपचार लांबवू नका.

‘पाय थांबतच नाहीत’ हे त्याचं वाक्य डॉक्टरांना फोनवर शब्दशः सांगा. रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी अकॅथिसिया होऊ शकतो. बसवत नाही, उभं राहवत नाही, आतून कोणी ढकलतंय असं वाटतं. घरच्यांना ती काळजी किंवा हट्टीपणा वाटतो, रुग्णाला ते असह्य होतं, आणि त्या असह्यतेत जीव द्यायचा विचार बळावतो. यावर इलाज आहे आणि त्याचा फरक बरेचदा काही दिवसांत दिसतो: डोस कमी करणं, औषध बदलणं, किंवा प्रोप्रानोलॉलसारखी गोळी जोडणं. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका आणि केमिस्टकडून काही आणू नका. मिश्र अवस्थेतही अशीच तगमग होते आणि तिचा उपचार वेगळा आहे. हे दोन्ही ओळखायचं काम डॉक्टरांचं आहे, आणि ते या आठवड्यात व्हायला हवं. याच कारणाने, तो उदास दिसतो म्हणून जवळच्या दवाखान्यातून ‘डिप्रेशनची गोळी’ आणू नका. बायपोलरमध्ये नुसतं अँटिडिप्रेसंट दिलं तर मेनिया किंवा मिश्र अवस्था उसळू शकते.

डॉक्टरांना भेटायला तुम्ही सोबत जा आणि थोडा वेळ वेगळं बोलायला मागा. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 98 सांगतं की सुटी देताना पुढच्या उपचारांबद्दल रुग्णाशी आणि तो ज्यांच्याकडे राहणार त्यांच्याशी डॉक्टरांनी सल्लामसलत करावी. ते राहून गेलं असेल तर आता करून घ्या. कॉलेजातला तो प्रयत्न फाइलमध्ये आहे का, विचारा. नसेल तर सांगा. पूर्वीचा प्रयत्न हा पुढच्या धोक्याचा सगळ्यांत ठळक इशारा असतो, आणि घरात विषय निघत नाही म्हणून तो डॉक्टरांपर्यंतही पोचत नाही, असं फार होतं.

घराकडे येऊ. आत्महत्येची तीव्र ऊर्मी पुष्कळदा काही मिनिटांची, फार तर काही तासांची असते. त्या वेळात हाताशी काय आहे, यावर बरंच ठरतं. म्हणून सगळी औषधं, त्याची आणि घरातल्या इतरांची बीपी-शुगरचीही, एका कपाटात कुलूपबंद करा आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा. त्याची औषधं एका वेळी आठवड्याचीच आणा. गोळी हातात द्या, समोर पाणी प्यायला द्या, जुन्या उरलेल्या पट्ट्या केमिस्टला परत करा. उंदरांचं औषध, फवारणीच्या बाटल्या घरात नकोतच. उकाड्यात आपण गच्चीवर झोपतो, पण हे बारा आठवडे त्याने एकट्याने झोपू नये. कूलरच्या खोलीत कोणीतरी त्याच्याबरोबर झोपा. हे सगळं त्याच्यापासून लपवून नको: ‘तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही, वाईट रात्री हे हाताशी नसावं म्हणून.’ दिवसाही पाळ्या लावा. बाबा सकाळी, तुम्ही संध्याकाळी, एखादा मावसभाऊ दुपारी. पहाऱ्यासारखं समोर बसून राहायचं नाही, एकाच घरात असायचं.

यासाठीच काटोल नको. बाबांचा हेतू चांगला आहे, पण संत्र्याच्या बागेवर फवारणीची औषधं असतात, काका दिवसभर शेतात, भाऊ घरात एकटा, आणि डॉक्टर लांब. वर रक्ताची तपासणी चुकेल. बाबांना सांगा की हवापालट तीन महिन्यांनी, तोही दोन-तीन दिवसांचा, फवारणीची खोली कुलूपबंद करून.

लिथियमबद्दल जास्त सांगायला हवं, कारण तुमच्या भावाच्या यादीतलं हेच औषध आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत सर्वांत भरवशाचं मानलं जातं, आणि नागपूरच्या मे महिन्यात हेच सांभाळायला अवघड असतं. लिथियमची रक्तातली पातळी साधारणपणे लिटरला 0.6 ते 0.8 मिलिइक्विव्हॅलंट ठेवतात, मेनियात 1.0 पर्यंत. 1.5 च्या वर विषबाधा सुरू होऊ शकते. औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पाच ते सात दिवसांनी तपासणी लागते, आणि रक्त शेवटच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी द्यायचं असतं. रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. सकाळची गोळी घेऊन रक्त दिलं की आकडा फसवा, जास्तीचा येतो, डोस उगाच कमी केला जातो आणि आजार परततो. शेवटची तपासणी कधी झाली ते डिस्चार्ज कार्डवर पाहा. त्यावर नोंद नसेल तर याच आठवड्यात करून घ्या. क्रिअ‍ॅटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), थायरॉइड आणि कॅल्शियम सुरुवातीला आणि मग दर सहा महिन्यांनी.

लिथियम मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि ते मिठाच्या मागोमाग जातं. घाम गेला, शरीरातलं पाणी-मीठ कमी झालं, की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही. तोच डोस चालू असताना पातळी वर जाते. पारा 45 च्या आसपास असताना आणि मेअखेरच्या नवतप्यात भर दुपारी बाहेर नको. पाणी दिवसभर थोडं थोडं, ताक, लिंबूपाणी चालेल. मीठ रोजच्याइतकंच ठेवा. बीपीच्या भीतीने एकदम बंद करू नका, निर्जळी उपवास तर नकोच. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक लिथियमची पातळी वाढवतात, काही बीपीच्या गोळ्याही. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तर ‘लिथियम चालू आहे’ हे आधी सांगा. उलट्या-जुलाब लागले, हात जोराने थरथरायला लागले, चालताना तोल गेला, जीभ जड झाली, ग्लानी आली, तर पुढची गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात पातळी तपासा. हाताला बारीक कंप मात्र सुरुवातीला पुष्कळांना असतो. त्याने घाबरून जाऊ नका, डॉक्टरांना सांगा.

आणि एक: ‘आता बरा आहे तर गोळ्या कमी करू’ असं आई म्हणेल, दोन-तीन महिन्यांनी तोही म्हणेल. लिथियम एकदम थांबवलं की आजार उलटतो आणि आत्महत्येचा धोकाही वाढतो. कधी बंद करायचंच ठरलं, तर डॉक्टर ते किमान चार आठवड्यांत, शक्य तर तीन महिन्यांत, हळूहळू उतरवतात. सुस्ती असह्य असेल तर ते सांगा. वेळ किंवा प्रमाण बदलून बघता येतं.

कर्जाचं काम तुम्ही हातात घ्या. यातून त्याला जितका दिलासा मिळेल तितका समजावण्याने मिळणार नाही. त्याच्या परवानगीने फोन तुमच्याकडे घ्या, सगळ्या अ‍ॅपांची रक्कम, हप्ता आणि तारीख वहीत उतरवा, यूपीआयची मर्यादा कमी करा, बुलेट आणि फोन विकता येतात का पाहा. वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. नातेवाइकांना फोन करून बदनामी करणारे किंवा फोटो पाठवायची धमकी देणारे अ‍ॅप असतील तर 1930 या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर तक्रार द्या. ‘किती घालवलेस ते बघ’ असा हिशेब त्याच्यासमोर मांडायचा नाही, निदान या तीन महिन्यांत.

नोकरीचं बोलणंही त्याच्या मनात चालू असेल. पगार 21,000 किंवा त्याहून कमी असेल तर ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमा असतो. त्यातून वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के आजारी रजेचा भत्ता मिळतो. त्यापुढे 34 दीर्घ आजारांच्या यादीला वाढीव भत्ता असतो, 80 टक्के, दोन वर्षांपर्यंत. बायपोलर त्या यादीत मॅनिक डिप्रेसिव्ह सायकोसिस या जुन्या नावाने आहे, म्हणून प्रमाणपत्र लिहून घेताना डॉक्टरांना ते नावही सांगा. वाढीव भत्त्यासाठी किमान दोन वर्षांचा विमा आणि ठरावीक वर्गणी लागते, शाखेत जाऊन नोंद तपासा. लगेच नाइट शिफ्ट मात्र नको. बायपोलरमध्ये झोप ही औषधाइतकीच महत्त्वाची आहे. सलग दोन रात्री पाच तासांहून कमी झोप झाली, तर तिसऱ्या सकाळी डॉक्टरांना फोन. दारूही नको, थोडीसुद्धा.

एका संध्याकाळी, तो जरा बरा असताना, त्याच्याबरोबर एक कागद लिहा. माझं बिघडतंय हे मला कशावरून कळतं, त्या वेळी मी एकटा काय करू शकतो, कोणाकडे नुसता जाऊन बसू शकतो, कोणाला सांगू शकतो, डॉक्टरांचा आणि 14416 हा क्रमांक, आणि घरात काय कुलूपबंद ठेवायचं. शब्द त्याचे असू द्या, अक्षरही त्याचं. कागदाचा एक फोटो त्याच्या फोनमध्ये, एक तुमच्या.

उमरेडच्या लग्नाला न्यायचं का, हे 15 मेला ठरवा. झोप आठवडाभर नीट असेल आणि त्याला यावंसं वाटत असेल तर न्या, पण फक्त लग्नाला. हळद आणि वरातीचं जागरण नको. दुपारची उन्हं टाळून निघा, पाण्याची बाटली सोबत, रात्रीची गोळी पर्समध्ये, आणि जेवण आटोपलं की परत. मांडवात कोणीतरी विचारणारच, ‘काय झालं होतं रे, किती बारीक झालास.’ त्याचं उत्तर तुम्ही ठरवू नका, निघण्याआधी त्यालाच विचारून घ्या. ‘तब्येत बरी नव्हती, औषध चालू आहे’ इतकं त्याला पुरेसं वाटलं, तर घरातल्या सगळ्यांनी तेच म्हणायचं.